पपनस

थोरलीचा फोन आला तेव्हा ती एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कानामागं चष्म्याची काडी नीट बसते का ते बघत होती. दुकानात फोन घ्यायचा नाही असा मालकांचा दंडक होता, पण थोरलीचा फोन वाजत ठेवायचा नाही असा तिचा स्वतःचाही एक दंडक होता आणि तो जास्त कडक होता. "आज जेवायला येते," थोरली म्हणाली. "फार काही मांडू नकोस. ते तुझं झटपट चिकन कर, संत्र्याचं. येताना मी फळं आणते." एवढंच बोलून फोन ठेवला. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण थोरली कधी काही मागत नसे. दादा गेल्यापासून ती महिन्यातून दोनदा यायची, पुढ्यात येईल ते खायची, आपलं ताट आपण विसळून ठेवायची आणि जायची. आज थोरलीनं मागितलं होतं. या मागण्यापाशीच तिचं मन अडखळून उभं राहिलं. "अहो बाई, कान तोडताय काय माझा?" म्हातारा कळवळून म्हणाला, तेव्हा तिला कळलं की आपला अंगठा मघापासून काडीवर दाबलेलाच आहे.

थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. दादा म्हणजे थोरलीचा नवरा, तिच्या नवऱ्याचा सख्खा मोठा भाऊ. तिच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या हळूहळू बसत गेल्या आणि घरात सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, तेव्हा जुळला तो दादाच. तिचा स्वतःचा रक्तगटच आड आला. दादानं घरी येऊन हे सांगितलं तेही हसत. "मला लेक नाही. म्हणून म्हटलं एक किडनी तरी उजवून टाकावी. चांगल्या घरी देतोय हो, नांदवा नीट." सगळे हसले होते. ती सर्वांत मोठ्यानं हसली होती, कारण त्या वेळी तिला रडू येत होतं. थोरली दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली होती, "परत पाठवू नका म्हणजे झालं." आणि मग तीही हसली होती. ऑपरेशन चांगलं झालं. दोघे भाऊ शेजारशेजारच्या खाटांवर पडून एकमेकांच्या लघवीच्या पिशव्यांवरून पैजा लावत. आणि मग वर्ष पुरं व्हायच्या आत, एका भर दुपारी, मागून येणाऱ्या एका ट्रकनं दादाला रस्त्यावर पाडलं. मार डोक्याला लागला होता. किडनीचा आणि त्याचा काडीचाही संबंध नव्हता. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण दवाखान्याच्या त्या लांब बोळात थोरलीनं एकच प्रश्न विचारला होता: "दोन असत्या तर वाचले असते का?" डॉक्टर नाही म्हणाले. पण प्रश्न विचारून झाला होता. उत्तर मिळालं म्हणून प्रश्न जातोच असं नाही. तो त्या बोळातून त्यांच्या मागोमाग घरी आला होता आणि थोरली नसतानाही घरात वावरायचा.

फळवाल्याकडं तिनं संत्री एकेक करून हातात घेऊन पाहिली. संत्र्याचं हे चिकन म्हणजे खरं तर आजारपणाचं अपत्य. ऑपरेशननंतर आहार सांगणारी बाई म्हणाली होती की मीठ कमी म्हणजे कमीच. मग पहिले काही महिने नवरा ताटाकडं असा बघायचा जणू कुणाचं तरी दुसऱ्याचं ताट चुकून त्याच्यापुढं आलंय. एकदा तिनं वैतागून अर्धं संत्रं परतत्या चिकनवर पिळलं आणि तो पहिल्यांदा बोटं चाटून जेवला. मिठाची भूक आंबटानं भागते हे तिला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा ते व्हायचंच. चिकनचे पातळ काप, त्यांना कॉर्नफ्लॉवरचा हात, कढई धूर येईस्तोवर तापलेली, लसूण, आलं, ढोबळी मिरची, नावाला सोया सॉस, आणि रस अगदी शेवटी, गॅस बंद करता करता. रस आधी घातला तर कडू होतो. पण संत्रंच. लिंबूही चालेल. पपनस मात्र औषधालासुद्धा नाही. दवाखान्यात चौघांना एका ओळीत बसवून हे सांगितलं होतं. पपनसानं गोळ्यांचं औषध रक्तात वाजवीपेक्षा जास्त चढतं, आणि जी किडनी जगवायला गोळी घ्यायची तीच किडनी ते चढलेलं औषध मारतं. दादानं तेव्हा कपाळाला हात लावला होता. त्याचं आवडतं फळ होतं ते. "म्हणजे लेकीला माहेरचा खाऊ बंद!" असं म्हणाला होता तो.

नवऱ्याची ती किडनी उजव्या बाजूला आहे. मागं कमरेत नव्हे, पुढं, ओटीपोटात, कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला. कातडीखाली हाताला लागते. सुरुवातीला एकदा झोपेत तिचा तळवा तिथं पडला होता आणि ती ताडकन उठून बसली होती. तिथं उबदार, घट्ट, मुठीएवढं काहीतरी होतं, आणि ते तिच्या नवऱ्याचं नव्हतं. दादा असताना या गोष्टीचं हसू यायचं. दादा गेल्यावर तिनं पलंगावरची बाजू बदलली. नवऱ्याला सांगितलं की खिडकीतून वारा लागतो. तेव्हापासून ती त्याच्या डाव्या हाताला झोपते. ज्या माणसाला आपण जाळून आलो त्याचा एक तुकडा रात्रभर आपल्या खोलीत काम करत असतो, रक्त गाळत असतो, थकत नाही, झोपत नाही, हे तिनं कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी तिला वेड्यात काढलं असतं. आणि थोरली आली की थोरलीची नजर कुठं जाते हे ती पाही. थोरली नवऱ्याच्या तोंडाकडं बघून बोलायची. पण तो उठला, वाकला, पाण्याचा तांब्या उचलायला वळला की थोरलीची नजर क्षणभर खाली जायची, उजवीकडं. "पाणी पितोस ना रे भरपूर?" एवढंच विचारायची. ठेव म्हणून दिलेली वस्तू सुस्थितीत आहे ना, हे कुणी बघून जावं, तसं. तिला याचा राग यायचा. मग रागाची लाज वाटायची. मग ती थोरलीला आग्रह करकरून वाढायची.

थोरली लवकर आली. नवरा नुकताच कामावरून येऊन आंघोळीला शिरला होता. थोरलीच्या हातात कापडी पिशवी होती, ती तिनं ओट्यावर ठेवली आणि पदर खोचला. "सांग, काय करू?" "तुम्ही बसा हो वहिनी, होतच आलंय." "बसून बसूनच दिवस जातो माझा. दे काहीतरी." थोरली आज बरी दिसत होती. केस विंचरलेले होते, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जरा फिकटली होती. तिनं ढोबळी मिरच्या चिरायला घेतल्या. स्वतःच्या नव्या नोकरीबद्दल बोलली, एका वाचनालयात पुस्तकं चिकटवायची, शिवायची. म्हणाली, "फाटलेली पुस्तकं बरी. कुठं फाटलंय ते दिसतं तरी." दोघी हसल्या. कढई तापली, चिकन पडताच चर्र आवाज झाला, लसणाचा वास घरभर झाला, आणि तिला वाटलं, खरंच वाटलं, की आज काहीतरी सैल होतंय. मागितलं यात काय एवढं? आपलं माणूसच मागतं. संत्र्यांचा रस तिनं आधीच काढून वाटीत ठेवला होता. तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले होते. तुमच्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं, हे त्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं. "वहिनी, जरा हलवत राहा हं, रस मी आल्यावर घालते," असं सांगून ती दाराशी गेली. गृहस्थ शर्टच घेऊन आले होते पुरावा म्हणून. ती हो हो करत राहिली. आतून झाऱ्याचा आवाज येत होता, एका लयीत, भरवशाचा. तिनं दार लावलं, वळली, आणि स्वयंपाकघराच्या अर्ध्या वाटेवर थांबली.

वास बदलला होता. संत्र्याचा वास गोड असतो, तोंडाला पाणी आणतो. हा वास थंड होता, कडसर, सालीतल्या तेलाचा, आणि तो तिनं फार दिवसांत घेतला नसला तरी तिच्या अंगानं तो तिच्याआधी ओळखला. ती आत गेली. थोरली कढईपाशी उभी राहून ढवळत होती. ओट्यावर पपनसाची अर्धी फोड होती, जाड पांढऱ्या सालीची. दुसरी अर्धी पिळून चोथा झालेली. आणि संत्र्याच्या रसाची वाटी जशीच्या तशी काठोकाठ भरलेली, थोरलीच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. थोरलीच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर जे असतं तेवढंच. गॅसच्या उबेनं आलेला घाम, आणि जरासं लक्ष. "गॅस बंद केला बघ आत्ताच," ती म्हणाली. "छान दाटसर झालंय."

तिनं कढईला फडकं धरलं, कढई उचलली आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात उलथं केलं. झाऱ्यासकट. कढई सिंकमध्ये टाकली तेव्हा मोठा आवाज झाला आणि वाफेचा एक लोट उठला. "अगं! अगं काय करतेस?" थोरली ओरडली. "काय झालं? पाल पडली का?" तिनं फक्त बोट दाखवलं, पपनसाकडं, मग वाटीकडं. थोरलीनं पाहिलं. आधी फळाकडं, मग वाटीकडं, मग स्वतःच्या ओल्या हातांकडं. ते हात तिनं अंगापासून दूर धरले, रंगानं माखलेले हात धरतात तसे. नळ ठिबकत होता. आत नवऱ्याच्या अंगावर पाणी पडत होतं आणि तो काहीतरी बेसूर गुणगुणत होता. "मला ठाऊक होतं," थोरली अगदी हळू म्हणाली. "आपल्याला चौघांना बसवून सांगितलं होतं की. मी विसरले नव्हते. पण..." ती खाली बसली, फरशीवरच. "त्यांना आवडायचं म्हणून घेतलं होतं मी. घरी नेऊन खाणार होते. एकटीनं. ते इथं कापायचं नव्हतंच गं. मग हात कसा गेला?"

"वहिनी, उठा. तो येईल आता."

"एका जेवणानं काही झालं नसतं. ना?" थोरलीनं विचारलं आणि लगेच स्वतःचं तोंड दाबून धरलं, जणू ते बोलणारं तोंड दुसऱ्याच कुणाचं होतं.

न्हाणीचं दार उघडलं. तिच्या हातांनी तिला न विचारता कामं केली. फोड आणि चोथा कागदात गुंडाळून डब्याच्या तळाशी कोंबला, वर मिरचीची देठं टाकली, ओटा पुसला, थोरलीला दंडाला धरून स्टुलावर बसवलं. नवरा टॉवेलनं डोकं पुसत दारात आला. "कसला आवाज झाला?"

"करपलं," ती म्हणाली. "बोलण्याच्या नादात."

"करपलं? आत्ता तर काय वास सुटला होता! न्हाणीत सुद्धा येत होता. आंबट, मस्त." तो कढईत डोकावला. "वहिनी, तू असताना करपतं म्हणजे कमाल झाली. मग आता काय, हवा खायची?"

"ऑम्लेट करते," ती म्हणाली. "भात आहेच."

जेवताना नवराच बोलत होता. थोरली ऑम्लेटचे तुकडे करत होती आणि तुकड्यांचे तुकडे करत होती. मध्येच त्याच्या फोनचा गजर वाजला, गोळीचा. थोरली दचकली, पाणी सांडलं. त्यानं हसत गोळी जिभेवर ठेवली आणि म्हणाला, "घाबरू नकोस, हा आमच्या सुनेचा रतीब," कारण किडनीला लेक म्हणायचं की सून, यावर तो आणि दादा नेहमी भांडत. एरवी ती अशा बोलण्यावर त्याला डोळ्यांनी दटावत असे. आज ती त्याच्या गळ्याकडं बघत राहिली, गोळी खाली उतरेपर्यंत.

लिफ्टपाशी दोघीच होत्या. लिफ्ट वर कुठंतरी अडकून बसली होती, बटणाचा लाल दिवा तेवढा जळत होता. "त्याला सांगणार आहेस?" थोरलीनं विचारलं. "नाही." "का नाही?" तिनं लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. "शिव्या तरी दे मला. तू तर माझ्यासाठी खोटं बोललीस. आता मी कुठं जाऊ?" थोरलीचा आवाज जिन्यात घुमला. मग तिनं जावेचं मनगट घट्ट धरलं. "तू सांग. मी मुद्दाम केलं का गं? मला माझं कळत नाही. तू बघितलंस, तू सांग."

"मी दाराशी होते, वहिनी."

"म्हणजे कुणीच पाहिलं नाही," थोरली म्हणाली. लिफ्ट आली. दार लागल्यावर तिचा चेहरा जाळीआड तुकड्यातुकड्यांनी खाली गेला.

त्यानंतर थोरली आली नाही. फोनही नाही. नवरा म्हणायचा, वहिनीला काय झालं, चिकन करपलं म्हणून रुसली की काय. ती म्हणायची, नवी नोकरी आहे, दमत असेल. दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढं काचा बदलताना ती नेहमीचा प्रश्न विचारायची, आता कसं दिसतंय, आधीचं बरं की हे बरं, आणि प्रत्येक वेळी तिला ती भरलेली वाटी दिसायची. कोपरापासून वीतभर. इतक्या जवळची वाटी दिसत नाही असं होतं का? होतं. तिनं स्वतः डोक्यावर चष्मा ठेवून तो दुकानभर शोधणारी माणसं रोज पाहिलेली. मग पुन्हा वाटायचं, हात फळ कापतो, पिळतो, बिया वेचून काढतो, इतका वेळ माणूस कुठं असतं? ओट्यावर बिया एका बाजूला वेचून ठेवलेल्या होत्या. थोरलीनं बिया काढल्या होत्या. कुणाच्या दाताखाली येऊ नयेत म्हणून. यापाशी तिचा विचार थांबायचा, कारण यापुढं जाताच येत नव्हतं. वैरी बिया काढत नाही. आणि विसरलेली बाईही इतक्या निगुतीनं काढत नाही. कढई तिनं राखेनं घासली, लिंबानं घासली, उकळत्या पाण्यात ठेवली, तरी पुढचे कित्येक दिवस तिला प्रत्येक पदार्थात मागून येणारी एक कडू चव लागायची. नवऱ्याला लागत नसे. नवऱ्याच्या ताटातला पहिला घास ती आता आधी स्वतः खाऊन बघे आणि म्हणे, मीठ बघतेय.

पण तिला खरं भय बसलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एका सकाळी केस विंचरताना तिला जाणवलं की आपल्याला बरं वाटतंय. फार दिवसांनी खांदे हलके झालेत. ती आरशात बघत राहिली आणि मग तिला कळलं. आता थोरली आमच्या घरात मान वर करून येणार नाही. आता तिची नजर उजवीकडं जाणार नाही. तिनं दिलं होतं, आणि तिनंच ते नासवायला हात लावला. फिट्टंफाट. कुणाचं कुणाला देणं उरलं नाही. म्हणजे त्या संध्याकाळी आपण पपनस पाहिलं तेव्हा कढई उचलायच्या आधी, एक क्षण असा होता का, की ज्यात आपल्याला आनंद झाला? ती आठवू लागली. तो क्षण होता की नव्हता हे तिला सांगता येईना. तिथंही कुणी पाहणारं नव्हतं. फणी हातातच राहिली. म्हणजे थोरलीचे हात आणि हे मन, यांत मग फरक तो काय? दोघींच्या आत, आपापल्या अंधारात, काहीतरी आपलं काम करत होतं, थकत नव्हतं, झोपत नव्हतं. त्या रात्री नवरा झोपल्यावर ती उठली, पलंगाला वळसा घालून गेली आणि त्याच्या उजव्या हाताला आडवी झाली. तो झोपेतच सरकला. तिनं तळवा तिथं ठेवला आणि काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातून फोन केला. मालक बघत होते, बघू देत. "वहिनी, उद्या जेवायला या." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी ऐकून घेणार नाही. या."

थोरली आली. हातात पिशवी नव्हती, पर्ससुद्धा नव्हती, रिकामे हात घेऊन आली होती. नवऱ्याशी दोन शब्द बोलली, त्याच्या चेहऱ्याकडंही नीट न बघता. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. दोन्ही हात पाठीमागं बांधून. झडती द्यायला उभं राहिलेलं माणूस जसं उभं राहतं तशी. "मी इथूनच बोलते," ती म्हणाली. "तू कर तुझं." ती वाळली होती. केस पुन्हा कसेही बांधलेले.

"इथून काय बोलता? आत या."

"नको गं. मला माझाच भरवसा नाही."

"मलाही माझा नाही," ती म्हणाली. हे ती कधी मोठ्यानं बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. थोरलीनं मान वर केली. मग तिनं एक पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं.

तिनं टोपलीतली संत्री ओट्यावर ओतली. त्यांच्याशेजारी पाट ठेवला, पाटावर सुरी ठेवली, सुरीची मूठ थोरलीकडं करून. "रस काढून द्या मला. बिया काढा," ती म्हणाली, "आणि बाहेर त्याचं भांडण चालू आहे तोवर मला कढई तापवू द्या." बाहेर तो खालच्या गृहस्थांशी कुंड्यांवरून वाद घालत होता, चढ्या आवाजात, मजेत. तिनं गॅस पेटवला. आणि मग थोरलीकडं पाठ केली.

पाठ करणं सोपं नव्हतं. मानेवरचा केस न् केस मागं बघत होता. तिनं तेल घातलं. मागून आधी काहीच आवाज आला नाही. मग सुरी पाटावर टेकल्याचा आवाज. मग साल चिरल्याचा, मऊ, ओला. मग एक थेंब वाटीत पडला, मग धार. वास अजून तिच्यापर्यंत आला नव्हता. तेलातून धूर उठू लागला होता. तिनं चिकनचे काप दोन्ही हातांनी कढईत सोडले, चर्र झालं, मागचे सगळे आवाज त्यात बुडाले, आणि ती ढवळत राहिली, भिंतीकडं तोंड करून.